पत्त्याचा रकाना

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले की मुंबईत माणूस कशाने आजारी पडेल हे सांगायला मला त्याची नाडी नको, पत्ता द्या. त्यावर टपालाने आणि व्हॉट्सॲपवर मिळून इतकी पत्रं आली की संपादकांनी या वेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकलं.

पुन्हा सांगते, मी डॉक्टर नाही. कोणती गोळी घ्यावी हे मला विचारू नका. पूर्व उपनगरातल्या महापालिकेच्या एका वॉर्डाच्या, म्हणजे विभागाच्या, आरोग्य खात्यात मी ३१ वर्षं रजिस्टरं भरली, तक्ते केले आणि महिन्याच्या महिन्याला ‘मंथली’ वर पाठवली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी कुठे फॉर्म दिसला की आधी पत्त्याच्या रकान्यावर डोळा जातो. पत्र लिहिणाऱ्यांची नावं मी छापलेली नाहीत. त्याचं कारण पुढे येईलच.

गोवंडीहून एक शिक्षिका विचारतात: आमच्या एम पूर्व वॉर्डात माणसं सरासरी ३९ वर्षंच जगतात असं मी अनेकदा वाचलंय. माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत आणि रोज भांडायला ताज्यातवान्या असतात. वर्गातल्या मुलांना हा आकडा सांगू की नको?

बाई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. मुलांना मात्र तो आकडा तसाच्या तसा सांगू नका.

२००९ साली मुंबईचा मानव विकास अहवाल निघाला. सगळ्या वॉर्डांत एम पूर्व तळाला होता. ३९ वर्षांचा आकडा तेव्हापासून छापून येतोय, आणि प्रत्येक नव्या बातमीला चिकटतोय. असा आकडा समोर आला की पहिला प्रश्न विचारायचा: हे आयुर्मान आहे, म्हणजे आज जन्मलेलं बाळ सरासरी किती वर्षं जगेल ते, की मेलेल्या माणसांचं सरासरी वय? दोन्ही एकसारखे दिसतात, पण त्यांचा अर्थ एक नाही.

असं बघा. शेजारी शेजारी दोन इमारती आहेत. एकीत सगळी नवी बिऱ्हाडं, घरोघरी पाळणे. दुसरीत बँकेतून निवृत्त झालेली मंडळी. वर्षभरात पहिल्या इमारतीत एक तान्हं बाळ गेलं. दुसरीत दोन आजोबा गेले, एक ७८चे आणि एक ८२चे. मरणाऱ्यांचं सरासरी वय पहिल्या इमारतीत शून्य, दुसरीत ८०. म्हणून पहिल्या इमारतीतली माणसं शून्य वर्षं जगतात का? तुमच्या वॉर्डात लहान मुलं आणि तरुण जास्त, म्हातारे कमी. शिवाय म्हातारपणी बरेच जण गावी जातात आणि तिथेच डोळे मिटतात. त्यांची नोंद तिकडे होते. वॉर्डाच्या वहीत उरतात ती अकाली गेलेली माणसं, आणि सरासरी खाली येते.

पण आता उलटा डाव सांगते, कारण तो मी बैठकांत डोळ्यांनी पाहिलाय. कोणी तरी असा आकडा चुकीचा आहे हे सिद्ध करतं, मग खुर्चीत मागे रेलून म्हणतं, बघा, म्हणजे तक्रारच चुकीची. तसं अजिबात नाही. सारख्या वयाच्या माणसांची तुलना करा. इथली एक वर्षाच्या आतली हजार बाळं आणि दादरची हजार. इथले चाळिशी-पन्नाशीतले पुरुष आणि पार्ल्याचे. फरक तेव्हाही दिसतोच, आणि तो कुणाला बोट दाखवून खोडता येत नाही.

आणखी एक. तुमच्याच वॉर्डात अणुशक्तीनगर आहे, झाडांतली वसाहत, स्वतःचं हॉस्पिटल. त्याच वॉर्डात १९२७पासूनचं देवनार डम्पिंग ग्राउंड, आणि त्याच्या कुशीत शिवाजीनगर, बैंगनवाडी. दोघांची सरासरी काढली की जे उत्तर येतं ते ना इथलं असतं ना तिथलं.

मुलांना आकड्याऐवजी काम द्या. आपल्या गल्लीतून सगळ्यांत जवळच्या दवाखान्यापर्यंत चालत किती मिनिटं, रिक्षाला किती रुपये, केसपेपरच्या रांगेत किती वेळ. सातवीची पोरं हा तक्ता माझ्यापेक्षा चांगला करतील.

परळहून एक निवृत्त गृहस्थ लिहितात: वॉर्डनिहाय मृत्यूंचा एक तक्ता हाती लागला. त्यात आमच्या एफ दक्षिणचा आकडा बघून सोसायटीत घबराट आहे. एक जण फ्लॅट विकायच्या गोष्टी करतोय.

काका, विकू देत. स्वस्तात मिळाला तर मलाच कळवा.

तुमच्या वॉर्डात केईएम हॉस्पिटल आहे, टाटा कॅन्सर हॉस्पिटल आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९च्या कायद्याप्रमाणे मृत्यू जिथे घडला तिथे नोंदवला जातो, माणूस राहत होता तिथे नाही. मानखुर्दचा माणूस केईएममध्ये गेला की नोंद परळची. सायन हॉस्पिटलमुळे एफ उत्तरची हीच गत. त्या नोंदी कायमच्या पत्त्यावर परत नेऊन लावल्या तरच वॉर्डाची तुलना करता येते. हे काम किचकट आहे. माणसं हॉस्पिटलात भरती होताना पुतण्याचा पत्ता देतात, मालकाचा देतात, रेशनकार्डावरचा देतात. ‘चेंबूर’ एवढंच लिहिलेले फॉर्म मी ढिगाने पाहिलेत. चेंबूर म्हणजे गोल्फ क्लबाशेजारचा बंगला की वाशी नाक्याची झोपडी?

कारणाच्या रकान्याचीही तीच रड. मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यावर, म्हणजे फॉर्म ४ वर, ओळींमागून ओळी असतात: तात्कालिक कारण काय, ते कशामुळे, ते आणखी कशामुळे. रात्रपाळीचा दमलेला डॉक्टर पहिल्या ओळीत ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहितो आणि खालच्या ओळी कोऱ्या सोडतो. हृदय आणि श्वास बंद न पडता आजवर कोणी मेलंय का? खालच्या ओळीत टीबी होता, की बाळंतपणातला रक्तस्राव, की वर्षानुवर्षं न तपासलेली शुगर, ते त्या माणसाबरोबर गेलं.

मुलुंडहून एक अभियंता: सरकारी पाहणीतला मुंबई उपनगर जिल्ह्याचा तक्ता बारकाईने वाचला. एकंदरीत बरा वाटला. तुम्ही म्हणता ती विषमता त्यात दिसत नाही.

दिसणारच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी जिल्ह्यापर्यंत येऊन थांबते आणि मुंबईत जिल्हे दोनच, शहर आणि उपनगर. उपनगर जिल्ह्यात जुहू आहे, मुलुंड आहे, मानखुर्द आहे, मालवणी आहे. हे सगळं एका पातेल्यात घालून ढवळलं की वरणाची चव लागते. त्यातला खडा ज्याच्या दाताखाली येतो त्यालाच कळतो.

वॉर्डापर्यंत उतरलं तरी भागत नाही. जुलै २०२०ची गोष्ट आठवा. कोविडचा पहिला सेरो सर्व्हे, म्हणजे लागण होऊन गेली का हे रक्तावरून बघणारी पाहणी, झाला, दहिसर, चेंबूर आणि माटुंगा-सायनच्या बाजूच्या तीन वॉर्डांत. सुमारे सात हजार माणसांचं रक्त तपासलं. झोपडपट्टीत १०० पैकी ५७ जणांना लागण होऊन गेलेली. त्याच वॉर्डांतल्या इमारतींत १६ जणांना. वॉर्ड तेच, वॉर्ड ऑफिसर तोच, पाऊसही तोच. फरक कुठे होता? घरात किती जण झोपतात आणि सकाळी संडासाला किती जण रांगेत असतात, इथे. आणि एक लक्षात घ्या, हे रोजच्या रुग्णसंख्येत दिसत नव्हतं. रुग्णसंख्या तपासणीच्या मागे जाते. जिथे तपासणी जास्त, तिथे रुग्ण जास्त. म्हणूनच दारोदार जाऊन, मुद्दाम निवड करून रक्त घ्यावं लागलं.

शहराला हे शंभर वर्षांपूर्वीही ठाऊक होतं. १९१८च्या इन्फ्लुएन्झाचे मुंबईचे आकडे जातिधर्मानुसार लावलेले आहेत. युरोपियनांत हजारी ८.३ मृत्यू, पारशांत ९, मुसलमानांत १९.२, इतर हिंदूंत १८.९. आणि ज्यांना त्या कागदांनी ‘लो कास्ट’ म्हटलं, त्यांच्यात हजारी ६१.६. मी नोकरीत नवी असताना हे वाचलं आणि त्या दिवशी डबा तसाच घरी परत नेला. विषाणूला जात कळत नाही. घर कुठे बांधू दिलंय, पाणी कुठून भरायचं आणि आजारपणात खाडा परवडतो का, हे जातीवर ठरत होतं.

तुम्ही अभियंता आहात म्हणून तुमच्या शाखेचंही एक उदाहरण देते. मानखुर्द-गोवंडीकडच्या तीन पुनर्वसन वसाहतींचा टीबीच्या अंगाने अभ्यास झाला आहे: लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी. पहिल्या दोहोंत इमारतींच्या मधलं अंतर जेमतेम तीन मीटर. खालच्या मजल्यांवर ऊन नाही, वारा खेळत नाही, आणि टीबी तिथेच जास्त. पीएमजीपीत मोकळी जागा अधिक, तिथे प्रमाण कमी. हे घराघराचा, मजल्यामजल्याचा हिशेब ठेवला म्हणून सापडलं. ‘मुंबईत वर्षाला साठ हजारांच्या आसपास टीबी रुग्णांची नोंद होते’ या वाक्यातून ते कधीच सापडलं नसतं. साठ हजार म्हटलं की गोळ्यांची ऑर्डर देता येते. ‘तळमजला, आतली बाजू’ म्हटलं की नकाशा पास करणाऱ्याला जाब विचारता येतो.

मालवणीहून एक आरोग्य सेविका: ताई, बारा महिने आमचे सर्व्हे चालू. गरोदर बायका, पाच वर्षांखालची मुलं, बीपी-शुगर, खोकला, कुष्ठरोग, डासांच्या अळ्या. आता फोनवरही भरा आणि वहीतही भरा. सगळं वर जातं. खाली काहीच येत नाही. मग आम्ही हे कशासाठी करतो?

सेविकाताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. हे मला माझ्या तिसाव्या वर्षी कुणी विचारायला हवं होतं.

एक जुनी गोष्ट सांगते. आमच्या वॉर्डात गोवरच्या लशीचं काम कागदावर छान होतं. तरी दर हिवाळ्याला कुठे ना कुठे गोवर यायचा. साहेबांनी मला न आलेल्या मुलांची यादी काढायला सांगितली. यादी निघाली, पण यादीतून काही कळेना. मग मी भिंतीवर वॉर्डाचा नकाशा लावला आणि लोकलमध्ये टिकलीची पाकिटं घेतली. लस चुकलेल्या प्रत्येक मुलाच्या घरावर एक लाल टिकली.

लावायला गेले तर जागाच नाही. खाडीकडचा जो भाग, जिथे आमच्या चार सेविका रोज जायच्या, तो नकाशात कोरा होता. कागदाच्या हिशेबाने तिथे चिखल. माणसं हजारोंनी. मग त्या चौघींना बसवलं आणि पेन्सिलने काढायला लावलं. त्यांनी रस्ते काढले नाहीत. आधी नळ काढला, मग संडास, मग मशीद, पिंपळ, रेशनवाला, शाखा, आणि एक बंद पडलेली पिठाची गिरणी. पत्ते तसेच होते ना! ‘गिरणीच्या मागे, डावीकडून तिसरं, निळी ताडपत्री.’ दारांवर पोलिओवाल्यांनी खडूने घातलेले नंबर होते, तेही घेतले. माझं तर मत आहे, मुंबईच्या झोपडपट्टीची सगळ्यांत खरी मोजणी त्या खडूने केली. जनगणनेचं काय, २०११नंतर २०२१ची झालीच नाही.

टिकल्या लावून झाल्या. ओंजळभर विखुरलेल्या, आणि साठ-सत्तर एकाच ठिकाणी, नाल्यापलीकडे. खोलीत जे जे होते त्यांनी लगेच निदान केलं: तिकडचे लोक अडाणी, सुईला घाबरतात. चौघींतली एक, अंगाने बारीक, सहसा न बोलणारी, ती म्हणाली, “मंगळवारी कशा येतील त्या? मंगळवारी टँकर असतो.”

आमचं लसीकरण मंगळवारी सकाळी. टँकर मंगळवारी सकाळी. हंडा रांगेत लावून बाई पोराला घेऊन नाला ओलांडून येणार, पुन्हा दोन तास बाकावर बसणार, आणि आठवडाभर पाण्याचं काय करणार? मी तेव्हा पंधरा वर्षं नोकरी केलेली. माझ्या एकाही फॉर्ममध्ये टँकरचा रकाना नव्हता.

वार बदलला. गुरुवारी दुपारी, नाल्यापलीकडच्या बालवाडीत. त्यालाही दोन महिने लागले, कारण लशीचा थंड डबा नाल्यापलीकडे कोणी न्यायचा यावर कागद फिरत होता. पण पुढच्या काही महिन्यांत मी त्या टिकल्या एकेक करून नखाने काढल्या. नकाशावर डिंकाचे डाग राहिले. अकरा टिकल्या राहिल्या त्या राहिल्याच. काही कुटुंबं गावी निघून गेली, काहींनी खरोखरच नाही म्हटलं. सगळ्या निघाल्या असं सांगितलं तर तुम्हीच हसाल.

२०२२च्या हिवाळ्यात गोवंडीत गोवर पेटला, मुलं दगावली, तेव्हा मला तो नकाशा आठवला. गोवर रोखायला शंभरातल्या ९५ मुलांना लस लागते. पण वॉर्डाची सरासरी ९५ असून चालत नाही. न घेतलेली पाच मुलं वॉर्डभर पांगलेली असतील तर गोवराला वाट सापडत नाही. ती एकाच गल्लीत असतील तर तो तिथे मुक्कामच करतो.

म्हणून तुम्हाला एकच सुचवते. वर पाठवायच्या आधी तुमची एक प्रत खाली ठेवा. महिन्यातून एक दुपार तुम्ही सगळ्या जणी आणि सिस्टर बसा, भिंतीवर नकाशा लावा, हाताने काढलेला चालेल. एका महिन्याला एकच प्रश्न घ्या. या महिन्यात बीपीची गोळी मधेच सोडलेले, पुढच्या महिन्यात सातव्या महिन्यानंतर नाव नोंदवलेल्या गरोदर बायका. आणि टिकल्यांचा पुंजका दिसला की साहेबांनी तोंड उघडायच्या आत त्या भागातल्या सेविकेला बोलू द्या. ‘वर’ काय होतं याची काळजी मी सोडून दिली होती. तुमच्या मानधनाच्या आणि दुहेरी नोंदीच्या तक्रारीशी मी शंभर टक्के सहमत आहे. तेच काम फोनवर आणि वहीत दोनदा करायला लावणं हा छळ आहे.

कुर्ल्याहून एक तरुण: आमच्या मंडळाने दहीहंडीचे पैसे वाचवून आरोग्याचं काम करायचं ठरवलंय. वस्तीतल्या टीबी आणि डेंग्यूच्या पेशंटांची यादी मिळाली तर फलक लावून जनजागृती करता येईल. यादी कशी मिळवायची?

बाळा, हेतू चांगला आहे. यादी मागायची नाही. मिळाली तरी घ्यायची नाही.

माझ्या हातून झालेली चूक सांगते. औषध मधेच सोडणाऱ्या टीबी रुग्णांना शोधायची मोहीम होती. मी नावं-पत्त्यांची यादी केली, सुवाच्य अक्षरात, खोली नंबरासकट. कुणाच्या तरी उत्साहाने ती एका चाळीच्या फळ्यावर लागली. दोनच दिवस होती. तिसऱ्या दिवशी एक बाई तो कागद घडी करून माझ्या टेबलावर घेऊन आली. तिच्या मुलीचं जमलेलं लग्न मोडलं होतं. मुलीचा कोर्स संपत आला होता, तिच्यापासून कुणाला धोका नव्हता. ती बाई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, “अक्षर छान आहे तुमचं.” त्या कागदावर माझी सही नव्हती, पण अक्षर माझंच होतं.

तेव्हापासून माझा एक नेम आहे, आणि जगभरचे आकडेवाले थोड्याफार फरकाने तोच पाळतात: एखाद्या गल्लीतला आकडा पाचाच्या आत असेल तर तो छापायचा नाही. ‘गल्ली नंबर तीन, टीबी, एक’ हा आकडा नसतो, ते नावच असतं. म्हणून या सदरातही मी तुमची नावं घालत नाही.

तुम्हाला हवेत ते आकडे, माणसं नव्हेत. ते माहितीच्या अधिकारात मागा. मुंबईतल्या एका संस्थेने, प्रजा फाउंडेशनने, वर्षानुवर्षं असेच अर्ज करून वॉर्डनिहाय आरोग्याचे अहवाल काढलेत. ते आधी वाचा, म्हणजे मेहनत वाचेल. मग जोडपत्र ‘अ’, म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि मजकूर १५० शब्दांच्या आत, कारण महाराष्ट्राच्या नियमात तेवढीच मर्यादा आहे आणि एका अर्जात विषयही एकच. साधारण असं लिहा (हेल्थ पोस्ट म्हणजे महापालिकेचं वस्तीपातळीवरचं आरोग्य केंद्र):

“प्रति, जन माहिती अधिकारी, आरोग्य खाते, एल विभाग. मागील तीन वर्षांत आपल्या विभागातील प्रत्येक हेल्थ पोस्टच्या हद्दीत, वर्षनिहाय: (१) हद्दीची कामासाठी धरलेली लोकसंख्या, (२) नोंद झालेल्या टीबी रुग्णांची संख्या, (३) त्यांपैकी उपचार पूर्ण केलेल्यांची संख्या, (४) मंजूर आणि भरलेली आरोग्य सेविकांची पदे. कोणत्याही रुग्णाचे नाव वा पत्ता नको.”

तीस दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर २० रुपयांचं पहिलं अपील. ‘माहिती या स्वरूपात उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तर चिडू नका, ते जपून ठेवा. कुठल्या हद्दीत किती माणसं राहतात हेच ठाऊक नसेल, तर सेविका कमी का पडतात हे त्या एका ओळीतच आलं.

पहिला प्रश्न विसरू नका, लोकसंख्येचा. नुसते रुग्ण मोजले तर मोठी वस्ती कायम आजारी दिसेल. हजारामागे किती, हे काढा. आणि चौथ्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याशेजारी ठेवून बघा. जिथे आजार जास्त तिथेच पदं रिकामी, असं दिसलं तर नवल नाही. ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाच्या वेल्सच्या डॉक्टरने १९७१मध्येच लिहून ठेवलंय की चांगल्या उपचारांची गरज जिथे सर्वांत जास्त, तिथेच ते सर्वांत कमी मिळतात. तो खाणकामगारांच्या गावात दवाखाना चालवायचा. फलक नंतर लावा. आधी त्या रिकाम्या पदांचा कागद घेऊन नगरसेवकाकडे जा, आणि एकटे जाऊ नका, बायकांना घेऊन जा.

बोरिवलीहून एक आई: मुलगा इंग्लंडात एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, डेटाचं काम करतो. म्हणतो, इथे सगळं नकाशावर आहे. आपल्याकडे कधी होणार?

त्यांच्याकडे हजार ते तीन हजार वस्तीच्या छोट्या छोट्या तुकड्यांचे आकडे मिळतात, आणि गरिबीच्या निर्देशांकावर ते तुकडे उतरंडीने लावलेले असतात. २०२१पासून एनएचएस इंग्लंडचं धोरणच असं आहे की सर्वांत वंचित २० टक्के लोक, शिवाय स्थानिक पातळीवर ओळखलेले मागे पडलेले गट, आणि पाच ठरावीक क्षेत्रं, जसं बाळंतपण, उच्च रक्तदाब, कॅन्सरचं लवकर निदान, यांत आधी काम करायचं. हेवा वाटतो खरा. पण तुमच्या मुलाला विचारा, इतके नकाशे असून तिथली दरी बुजली का? नाही म्हणेल. नकाशा काढल्यावर वारही बदलावा लागतो, आमच्या मंगळवारासारखा.

एक निनावी पत्र: वडिलांना दोन महिन्यांपासून खोकला आहे, वजन उतरलंय. खाजगी डॉक्टर सिरप देतो. मोठ्या हॉस्पिटलात दिवस मोडतो, त्यांची मजुरी जाते. कुठे नेऊ?

दोन आठवड्यांवर खोकला गेला की बेडका तपासायचाच, सिरप पुरे. मोठ्या हॉस्पिटलात जायची गरज नाही. महापालिकेच्या जवळच्या दवाखान्यात किंवा हेल्थ पोस्टवर जा. तपासणी फुकट, टीबी निघाला तर औषधंही फुकट, आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात जमा होतात. नोव्हेंबर २०२४पूर्वी ते ५०० होते. खातं शक्यतो वडिलांच्याच नावाचं असू दे. तिथे नोंद करताना पत्ता पुतण्याचा देऊ नका, राहता तोच द्या, म्हणजे सेविका तुमच्याच दारात येईल.

कोणतं हेल्थ पोस्ट ते मी सांगितलं असतं, पण तुम्ही नाव लिहिलं नाही ते ठीक, पत्ताही लिहिलेला नाही. घर नंबर नको. जवळचा नाका, गिरणी, मशीद, काही तरी कळवा.